तापले नव्हते मी

“अजितला विचारलंत का, वहिनी?”

भरत शेडबाळे हे अगदी प्रेमानं म्हणाले. पोकरचा डाव चालला होता आणि मी नुकत्याच माझ्या चिप्स, म्हणजे खेळातल्या चकत्या, पुढं सरकवल्या होत्या. टेबलाभोवती उभे असलेले मिरजेचे पाहुणे हसले. अजित म्हणजे माझा नवरा. तो मागं भिंतीला टेकून सरबत पीत उभा होता, तोही हसला. मी हसले नाही आणि रागावलेही नाही. पायाचे तळवे फरशीला टेकवले, श्वास हळूहळू सोडला आणि भरतभाऊजींच्या डोक्यावरून मागच्या खिडकीतल्या कडुलिंबाकडं बघत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पत्ते टाकून दिले आणि टेबलावरच्या चिप्स माझ्याकडं आल्या.

“शाब्बास,” ते म्हणाले. “गेल्या वर्षी याच वाक्यावर तुम्ही टेबल उलटं केलं असतंत.”

खरं होतं ते. आणि मला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हेही खरं आहे.

सांगलीत विश्रामबागेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मी तपासते, तसं शिक्षण घेतलंय मी. फ्रेमची खरेदी, हिशेब वगैरे अजित बघतो. भरतभाऊजी अजितचे कॉलेजपासूनचे मित्र. त्यांचं फरशा आणि नळांचं मोठं दुकान होतं, आणि दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आमचा सातआठ जणांचा पोकरचा अड्डा जमायचा. खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये पाच पत्ते सगळ्यांचे मिळून, एकेक करत उघडायचे. आपली पानं चांगली वाटली की चिप्स लावायच्या, नाहीतर पत्ते टाकायचे. आणि पानं चांगली नसतानाही चिप्स लावून समोरच्याला पळवून लावता येतं, त्याला आम्ही हूल म्हणायचो. आमच्या चिप्स नुसत्या प्लॅस्टिकच्या. पैसा लावायचा नाही ही आवटीकाकांची अट होती, आणि ती सगळ्यांनी मान्य केली होती.

श्रीपाल आवटी आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आमच्यात सगळ्यांत वडील, सगळ्यांत कमी बोलणारे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात पेन. पद्माकाकू गेल्यानंतर ते घरातून बाहेरच पडेनात, तेव्हा त्यांच्या मुलीनं अजितला गळ घातली आणि अजितनं त्यांना अड्ड्यावर आणलं. आणि त्यांच्यामुळं मी गेले. त्यांना एकट्यानं अवघडल्यासारखं होईल म्हणून एका रविवारी सोबतीला गेले आणि मलाच खेळाची गोडी लागली.

मी वाईट खेळायचे. पत्त्यांची जाण होती, पण एक मोठा डाव हातचा गेला की माझं डोकं फिरायचं. मग पुढच्या डावात हातात काही नसताना चिप्स ढकलायच्या, हरायचं, पुन्हा ढकलायच्या. आमच्याकडं त्याला ‘तापणं’ म्हणायचे. “वहिनी तापल्या” हे ऐकलं की मी आणखी तापायचे.

मग भरतभाऊजी पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले. मनावर ताबा, निर्णय आणि भावना वेगळ्या ठेवणं, असं काहीसं. परत आल्यावर त्यांनी आमच्या अड्ड्याचं रूपच पालटलं. मोठा डाव हरला की लगेच पुढचा खेळायचा नाही, उठून गॅलरीत जाऊन यायचं. नशिबाला नावं ठेवायची नाहीत. चिप्स लावण्याआधी स्वतःला विचारायचं, हे मी पानं बघून करतोय की कुणाला धडा शिकवायला करतोय. खेळ संपल्यावर कोण जिंकलं याची चर्चा नाही, कोण कुठं चुकलं याची.

आज मला त्यांचा राग आहे, पण जे होतं ते होतं म्हणून सांगते. याचा मला फायदा झाला. फक्त पत्त्यांत नाही. दुकानात फोन वाजला आणि पलीकडच्या माणसानं “जरा साहेबांना द्या” म्हटलं की माझा आवाज चढायचा तो थांबला. घरी सासूबाईंशी बोलताना मी एक श्वास मध्ये ठेवायला शिकले. आवटीकाका तर गॅलरीत जायचा नियम इतका मनापासून पाळायचे की जिंकल्यावरही उठून जायचे. त्यावरून आम्ही त्यांची थट्टा करायचो, आणि काकू गेल्यानंतर पहिल्यांदा ते हसताना दिसले ते त्या थट्टेवर.

एका रविवारी भरतभाऊजींनी टेबल बाजूला सरकवलं आणि खुर्च्या गोल मांडल्या. फोन खाली दुकानात ठेवून यायला सांगितलं. म्हणाले, आज खेळायचं नाही. माणूस तापतो तो पत्त्यांमुळं नाही, त्याच्या आत एक दुखरी जागा असते, तिला धक्का लागला की तापतो. ती प्रत्येकानं आज सांगायची. सुरुवात त्यांनी स्वतः केली. त्यांचे वडील पाहुण्यांसमोर त्यांना मठ्ठ म्हणायचे, अजून कुणी हळू हसलं तरी त्यांना वाटतं की आपल्यालाच हसतायत. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मला ते खरं वाटलं. अजूनही वाटतं.

“इथलं इथंच राहील,” ते म्हणाले. “माझा शब्द.”

मग एकेक जण बोलला. मी माझं सांगितलं. लोक दुकानात येतात, माझ्या खांद्यावरून मागं बघतात आणि साहेब नाहीत का विचारतात. एवढं शिकून, इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसून, मी अजून अजितची बायकोच आहे. सगळ्यांत शेवटी आवटीकाका. ते खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवत होते. त्यांना न बोलण्याची मुभा आहे असं मी म्हटलंसुद्धा. पण भरतभाऊजी पुढं झुकून म्हणाले की काका, जितकं दाबाल तितकं ते तुम्हाला दाबेल.

काकांनी जमिनीकडं बघत सांगितलं. पद्माकाकू हॉस्पिटलमध्ये होत्या, काका दिवसरात्र खुर्चीवर. त्या सकाळी जरा बरं वाटतंय म्हणाल्या. काका उठून खाली चहाला गेले. वर आले तेव्हा सगळं संपलं होतं.

“थोडं थांबलो असतो,” काका म्हणाले. “मला एवढंच कुणी म्हणू नये. बाकी काहीही म्हणा.”

भरतभाऊजींनी उठून त्यांना मिठी मारली.

मिरजेच्या गटाबरोबरची ती स्पर्धा ही भरतभाऊजींचीच कल्पना. एका मंगल कार्यालयाचा जेवणाचा हॉल घेतला, ढाल करून आणली, दोन्हीकडची कुटुंबं बोलावली. मिरजेचे डॉक्टर सत्यवान भोरे पंच. सकाळी सुरू झालेला खेळ दुपारच्या चहापर्यंत तिघांवर आला. भरतभाऊजी, आवटीकाका आणि मी. सगळ्यांत जास्त चिप्स माझ्याकडं होत्या.

त्या डावात माझी पानं भिकार होती, मी आधीच टाकली. मधले पाचही पत्ते उघडून झाले होते. भरतभाऊजींनी एकदम आपल्या सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या. आता काकांनी तेवढ्याच लावायच्या, नाहीतर पत्ते टाकायचे. काकांनी आपल्या पत्त्यांचे कोपरे उचलून पाहिले. त्यांना घाई नव्हती. मग त्यांचा हात चिप्सकडं गेला.

भरतभाऊजी हळूच म्हणाले, “काका, थांबा की थोडं. नेमकं थांबायच्या वेळी उठून जायची सवय आहे तुम्हाला.”

मिरजेची मंडळी हसली. सकाळपासून काका गॅलरीत जाऊन येताना त्यांनी पाहिलं होतं, त्यांना वाटलं तीच थट्टा. आमच्या गटातलं कुणी हसलं नाही. माझ्या समोर उभ्या असलेल्यांनी माना खाली घातल्या.

काकांचा हात चिप्सवर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागं घेतला, दोन्ही पत्ते पालथे ठेवले आणि पुढं सरकवले. कुणाकडं तरी पाणी मागितलं.

भरतभाऊजींनी आपले पत्ते उलटे करून दाखवले. सत्ती आणि तिर्री. हातात काहीही नव्हतं. “नुसती हूल,” ते म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी तळवे फरशीला टेकवले. श्वास सोडला. कडुलिंबाकडं बघितलं. शिकवलेलं सगळं केलं. त्यानं माझी छाती धडधडायची थांबली, हातातला कंप गेला, पण राग गेला नाही. तो जिथं होता तिथंच होता.

“भरतभाऊजी,” मी म्हटलं, “हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत?”

“कुठलं?”

“आत्ता काकांना म्हणालात ते.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना पक्कं कळलं होतं मी काय विचारतेय. मग ते पाहुण्यांकडं वळून म्हणाले, “वहिनी तापल्या वाटतं.” पुन्हा हशा झाला. डॉक्टर भोरे पुढं आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. ते सरळ माणूस होते, त्यांनी खरंच विचारलं होतं. आणि मला उत्तर देता येईना. त्यांना सांगायचं तर काकू कशा गेल्या आणि काका तेव्हा कुठं होते हे त्या भरल्या हॉलमध्ये, बायकापोरांसमोर सांगावं लागलं असतं. भरतभाऊजींनी जे अर्धं उघडं केलं होतं ते मीच पुरतं उघडं केलं असतं. हेही त्यांना पक्कं कळलं होतं.

मागून अजित म्हणाला, “सुनेत्रा, वाढवू नकोस.”

मी उठायला लागले. मला त्या टेबलावर बसायचंच नव्हतं. तेव्हा आवटीकाका पाण्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, “बस. खेळ संपव.”

त्यांनी सांगितलं म्हणून बसले. काका पुढच्या थोड्याच डावांत बाद झाले आणि उठून मागच्या खुर्चीत जाऊन बसले. राहिलो आम्ही दोघं. मी आयुष्यात इतकं चांगलं कधी खेळले नव्हते. “अजितला विचारा” झालं, “साहेबांना बोलावू का” झालं, मी एका शब्दाला उत्तर दिलं नाही आणि एकाही वाईट पानावर चिप्स लावल्या नाहीत. शेवटच्या डावात माझ्या हातात दोन राण्या होत्या. मी सगळ्या चिप्स लावल्या, त्यांनीही लावल्या. त्यांचे पत्ते उघडले तेव्हा एक एक्का होता, दुसरं फुटकळ पान. पाचवा पत्ता उघडेपर्यंत मी पुढं होते. पाचवा पत्ता एक्क्याचा निघाला आणि त्यांची एक्क्यांची जोडी माझ्या राण्यांवर चढली.

हे असं होतं. पोकरमध्ये बरोबर खेळूनही माणूस हरतो, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही. मी हात मिळवला.

मग डॉक्टरांनी ढाल दिली आणि भरतभाऊजींना चार शब्द बोलायला सांगितले. ते माइक घेऊन म्हणाले की हा खेळ पत्त्यांचा नाही, मनाचा आहे. माणसानं आपली दुखरी जागा ओळखली की त्याला कुणी हरवू शकत नाही. आणि पुढं म्हणाले, “आज आमच्या आवटीकाकांचं तुम्ही पाहिलंत. एका वाक्यावर हातातला डाव सोडला. मी ते त्यांच्या भल्यासाठीच केलं. तयारी अजून कमी पडतेय, एवढंच.”

काका मागं बसून ऐकत होते. त्यांच्या मांडीवर हातरुमाल होता, ते त्याची घडी घालत होते.

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या बाईंनीही बोलावं. माइक माझ्याकडं आला.

मी म्हटलं, “आमच्या गटात एका दुपारी आम्ही एकमेकांना आपापल्या घरातल्या गोष्टी सांगितल्या होत्या. इथलं इथंच राहील, असा शब्द देऊन भरतभाऊजींनी त्या सांगायला लावल्या होत्या. आज त्यातली एक त्यांनी डाव जिंकायला वापरली. कुणाची आणि काय, ते मी सांगणार नाही. गटातले सगळे इथं आहेत. मी खोटं बोलत असेन तर त्यांनी सांगावं.”

मी थांबले. एकानं फोन काढला. एक जण मुलाच्या बुटाची नाडी बांधायला वाकला. मी खोटं बोलतेय असं कुणी म्हटलं नाही, आणि खरं बोलतेय असंही कुणी म्हटलं नाही. अजितनंसुद्धा नाही.

भरतभाऊजी समजुतीच्या सुरात म्हणाले, “वहिनी, हा तुमचा राग बोलतोय.”

“हो, रागच बोलतोय,” मी म्हटलं. “पण मी तापलेले नाही. माझा आवाज बघा, हात बघा. तुम्ही शिकवलंत ते सगळं मी मनापासून शिकले, आणि आत्ता या खुर्चीवर बसून सगळं करून पाहिलं. तरी हा राग उरला. जो तेवढ्यानं जात नाही तो घालवायचा नसतो, एवढं मला आज कळलं. तुम्ही काकांची माफी मागा.”

त्यांनी मागितली नाही. त्यांनी हात जोडले आणि हसून लोकांना जेवायला चला म्हणाले, आणि लोक गेले. ताटं वाढली जात होती. मी काकांना घेऊन बाहेर आले, रिक्षा केली आणि त्यांना घरी सोडलं.

त्या संध्याकाळपासून अड्ड्याच्या फोनवरच्या गटात निरोप येऊ लागले. हार पचवता आली पाहिजे. खेळातलं बोलणं खेळातच सोडावं. एकानं लिहिलं की भावनांवर काम करणं ही आयुष्यभराची प्रक्रिया आहे, आणि खाली फुलाचं चित्र टाकलं. हा माणूस त्या दुपारी गोलात माझ्या शेजारी बसून स्वतःच्या भावाबद्दल बोलताना रडला होता. मी त्याला डोळे पुसायला माझा रुमाल दिला होता. मी गटातून बाहेर पडले. अजित पुढंही काही महिने जात राहिला. एकदा जेवताना म्हणाला की भरतचं ते वागणं त्यालाही आवडलं नव्हतं. मी विचारलं, मग तेव्हाच का बोलला नाहीस? “एवढ्या लोकांत?” तो म्हणाला. ते मी विसरलेले नाही.

आवटीकाका काही दिवसांनी दुकानात आले. चष्म्याची काडी सैल झाली होती. ती मी आवळून दिली तरी ते बसून राहिले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, “तू त्या दिवशी जे सांगितलं नाहीस, त्यासाठी आलोय.”

मी म्हटलं, काका, मला तुम्हाला वाचवता आलं नाही.

“कशापासून?” ते म्हणाले. “त्याच्याकडं काही नाही हे मला कळलं होतं. माझ्याकडं दोन गुलाम होते. लावले असते तर तो तिथंच संपला होता.”

मग मी विचारलं, का टाकलेत?

काकांनी चष्मा काढून हातरुमालानं पुसला. “त्यानं पद्माला त्या टेबलावर आणून ठेवलं,” ते म्हणाले. “त्यानंतर तो डाव मला जिंकायचासुद्धा नव्हता. तयारी कमी पडली म्हणे.”

त्यांचा आवाज तेवढ्या शेवटच्या शब्दांना बदलला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रागावलेली मी एकटी नाही.

काका त्यानंतर चार वर्षं होते. शनिवारी दुपारी दुकान बंद असताना आम्ही दोघं मागच्या खोलीत खेळायचो. त्यांनी मला पुष्कळ वेळा हरवलं. भरतभाऊजी यादरम्यान नावारूपाला आले. कॉलेजांत, कंपन्यांत त्यांची शिबिरं होऊ लागली. पुढच्या चौकात त्यांचा हात उंचावलेला फलक बरेच दिवस होता, मनाचे मालक व्हा, असं काहीतरी. शिबिरात खुर्च्या गोल मांडतात असं ऐकलं.

गेल्या वर्षी ते दुकानात आले. केस पांढरे झाले होते, लांबचं अंधूक दिसायला लागलं होतं. मी डोळे तपासले. नीट तपासले, इतर कुणाचे तपासते तसेच. नंबर लिहून देत होते तेव्हा ते म्हणाले, “वहिनी, ते जुनं अजून मनात आहे का?”

“आहे.”

“इतकी वर्षं?” त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं, माझ्याबद्दल. “मी तर केव्हाच सोडून दिलं.”

“तुमच्याकडं सोडायला होतं काय, भाऊजी?” मी म्हटलं.

त्यांनी नंबराची चिठ्ठी उचलून खिशात घातली. मी त्यांना चष्मा कधी मिळेल ते सांगितलं आणि बाहेर थांबलेल्या बाईंना आत बोलावलं.